वरच्या गावचं विमान

कल्याणच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर टुंड्रा प्रदेशाचा धडा यायचा. फळ्यावर मी बर्फाचं घुमटी घर काढायचे, शेजारी कुत्र्यांची गाडी, आणि ऐटीत सांगायचे, "इथे झाडं उगवत नाहीत. इथले लोक सील नावाचा मासा मारून खातात. इथलं जीवन खडतर आहे. लिहा." खडतर या शब्दाखाली दोन रेघा मारायला लावायचे, कारण ते परीक्षेत यायचं. सील हा मासा नव्हेच, हे मला निवृत्तीनंतर कळलं, तेसुद्धा पोटच्या पोरीकडून. किती मुलांच्या डोक्यात मी तो मासा सोडला असेल, देव जाणे. त्यातला एक आज ठाण्यात हृदयाचा डॉक्टर आहे आणि माझंच हृदय तपासतो. मासा त्याच्या लक्षात नसावा, अशी माझी प्रार्थना असते.

वर्गातल्या जगाच्या नकाशाला वरून एक लाकडी पट्टी ठोकलेली होती, खुंटीला अडकवायला. त्या पट्टीखाली काय झाकलं गेलंय असा प्रश्न एकतीस वर्षांत मला पडला नाही. माझी एकुलती एक लेक बरोबर त्या पट्टीखाली जाऊन राहिली.

जावई डोंबिवलीचा, विजेच्या कामातला इंजिनियर. लग्नानंतर दोघं कॅनडाला गेले, ते एका शहरात. तिथून त्याला पार उत्तरेच्या एका बेटावर, शिशाच्या आणि जस्ताच्या खाणीत नोकरी लागली. "दोनच वर्षांचा प्रश्न आहे गं आई," लेक म्हणाली. त्या गावाचं नाव आमच्याकडे कोणाला उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला वरचं गाव म्हणायला लागलो. तिथे रस्ता जात नाही. उन्हाळ्यात एकदा जहाज येतं. बाकी माणूस, दूध, औषध, पत्र, जे काय यायचं जायचं ते विमानाने.

मला त्या गावी एकदा जायचं होतं. लेकीच्या घरात चार दिवस राहायचं होतं आणि नातीला मांडीवर घ्यायचं होतं. एवढीच गोष्ट आहे. ती झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणी आशेवर वाचायला नको.

वरच्या गावात बाळंतपण करत नाहीत. महिनाभर आधी बाईला विमानाने खालच्या गावी नेतात. खालचं गाव म्हणजे तेही उत्तरेलाच, पण तिथे इस्पितळ आहे आणि मोठी विमानं उतरतात. लेक तिथे बाळंत झाली. मी तेव्हा ठाण्यात बसून व्हिसाची वाट बघत होते. व्हिसा आला तेव्हा नात अकरा दिवसांची झाली होती आणि लेक तिला घेऊन वरच्या गावी परतलीसुद्धा होती.

पण सव्वा महिना व्हायचा होता ना! बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे आईचा हक्क. शेक, शेगडी, धुरी, मालीश, सगळं मी जाऊन करणार होते. उणे वीसमध्ये धुरी कुठे देणार, धुराने आगीचा भोंगा वाजेल का, हे प्रश्न भूगोलाच्या बाईंना पडले नाहीत. बाईंनी बाळंतविडा बांधायला घेतला. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशोपा, वेखंड, ओव्याच्या पुरचुंड्या. जुन्या नऊवारी फाडून शिवलेली दुपटी, झबली, कुंच्या. आणि आंघोळीला घालायचा लाकडी पाट. होय, पाट. सागवानी. जिथे झाडं उगवत नाहीत असं मीच शिकवलं, तिथे पाट मिळणार नाही, एवढा भूगोल मला बरोबर आठवला.

तीन खोकी झाली. आमच्या ह्यांनी नायलॉनच्या दोरीने ती करकचून बांधली. हे मूळचे ठाण्यातल्या बाळकुमचे. घराण्याची भातशेती होती, पुढे खाडीकाठी मिठागरात काम; आता त्याच जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या एकात आम्ही राहतो. मी ठाण्याच्याच कोपरीची. बाळकुमात दिली तेव्हा मला वाटलं होतं, आईबापांनी फार लांब लोटलं. कोपरी ते बाळकुम! रिक्षाने गेलात तर पंचवीस मिनिटं. पाठवणीच्या वेळी मी वाटेतल्या टेंभी नाक्यापर्यंत रडले होते. आता त्या मुलीचा कान धरावासा वाटतो.

खोकी बघून हे म्हणाले, "तू विमानान चाललीस का टेंपोन गो?"

"तुम्ही पण चला की."

"नवरात्र आल्याय. नाक्यावर देवीची सेवा कोन करील? तू जा. मी हाय."

हे दर नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या मंडपात रांग लावायच्या कामाला असायचे. लाखाची गर्दी हाताळतो, असं यांना वाटायचं. खरं म्हणजे एक दोर धरून उभे राहायचे.

तीन विमानं बदलून मी खालच्या गावी पोचले. तिथून वरच्या गावी छोटं, पंख्याचं विमान जायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मी मंगळवारी सकाळी काउंटरवर उभी राहिले. काउंटरवरच्या बाईंनी आधी माझं वजन विचारलं. सगळ्यांसमोर! मी सांगितलं, अठ्ठावन्न. त्यांनी नम्रपणे वजनकाट्याकडे हात केला. काटा एकाहत्तरवर थांबला. मी कोटाच्या खिशांतून सहा लाडू काढून दाखवले. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

मग त्या आत जाऊन वैमानिकाशी बोलून आल्या. म्हणाल्या, "आज सामान जास्त आहे. तुम्ही आणि तुमची तिन्ही खोकी, दोन्ही बसणार नाहीत. तुम्ही आज जा. खोकी गुरुवारी पाठवते."

इथे कोणीही शहाणं माणूस काय करील? विमानात बसेल.

मी म्हणाले, "नाही, खोकी आज जाऊ देत. मी गुरुवारी जाते."

त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं. त्यांनी सावकाश परत विचारलं. मी सावकाश परत तेच सांगितलं. त्यांना काय कळणार? लेक बाळंत झाली, पहिलं नातवंड, आणि माहेरची बाई दारात रिकाम्या हातांनी उभी राहणार? दोन दिवस नुसती बसून हलवणार काय पाळणा? बाळंतविडा पुढे, माणूस मागे. मी काही चुकतेय असं मला क्षणभरही वाटलं नाही. उलट आपण किती पोक्त आहोत, असंच वाटलं.

काउंटरवरच्या फोनवरून लेकीला कळवलं. ती ओरडली, "आई, तू ये! खोकी गेली खड्ड्यात!"

"अगं, लाडू आहेत त्यात."

"मला लाडू नकोत!"

"आत्ता म्हणतेस. कंबर धरली की आठवण येईल. गुरुवारी येतेच आहे मी. दोन दिवसांत लाडू खराब झाले म्हणजे?"

डिंकाचे लाडू दोन महिने टिकतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच केले होते.

खोकी विमानात चढली. काचेतून मी बघितलं, पाटाचा कोपरा खोक्यातून बाहेर आला होता. विमान गेलं. मी शांतपणे जाऊन बाकावर बसले आणि खिशातला एक लाडू खाल्ला.

गुरुवारी धुकं आलं. शनिवारी वारा सुटला. ऑक्टोबर तिथे असाच असतो, हे मला त्या बाकावर एका म्हातारबाबांनी सांगितलं. ते तिथल्या मूळ लोकांपैकी. जन्मभर त्याच विमानतळावर सामान चढवायचं उतरवायचं काम केलेले. काम सुटलं तरी रोज येऊन बसायचे. आमच्याकडे निवृत्त लोक तलावपाळीवर बसतात ना, तसे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच सावकाश होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांचा जन्म वरच्या गावच्या किनाऱ्यावरचा. मी त्यांना लाडू दिला. त्यांनी तो बराच वेळ चावला आणि म्हणाले, "शिकारीला न्यायला चांगला आहे."

त्या विमानाचा सगळा इतिहास मला त्यांनी सांगितला. त्यांच्या लहानपणी गावात धावपट्टीच नव्हती. चाकांच्या जागी फळ्या लावलेलं एक इवलंसं विमान गोठलेल्या समुद्रावर उतरायचं. त्याला वेळापत्रक नव्हतं. आलं की आलं. पत्रांची पोती आणायचं आणि जायचं असेल तो माणूस त्या पोत्यांवर बसून जायचा. आजारी माणूस असला तर पोती खाली राहायची. मग खाण आली. खाणवाल्यांनी खडीची धावपट्टी केली आणि चक्क जेट यायला लागलं, आठवड्यातून तीनदा. खडी उडून पोटाला लागू नये म्हणून त्याच्या पुढच्या चाकापाशी एक पत्रा लावलेला असायचा. आत मध्ये एक भिंत. पुढच्या भागात सामान, मागच्या भागात माणसं. सामान जास्त असलं की भिंत मागे सरकायची, माणसं जास्त असली की पुढे. आत गरम जेवण द्यायचे. विमान यायच्या दिवशी गावातल्या बायका मुलांना चांगले कपडे घालून धावपट्टीवर आणायच्या. कोणी यायचं असो नसो.

"चांगले दिवस होते," मी म्हणाले.

"हो. मग गेल्या वर्षी खाण बंद झाली. जेट बंद झालं. आता हे छोटं येतं. जेट माणसांसाठी येतच नव्हतं. शिशासाठी येत होतं. आपण त्यात बसून घेत होतो."

हे मला लगेच कळलं, कारण आमच्या बाळकुमाला असंच झालं होतं. मी नवी नवरी होते तेव्हा एका कारखान्याची पाळीची बस गावाच्या वेशीवरून जायची. बस कामगारांची, पण ड्रायव्हर दयाळू. गावातल्या बायका तीत बसून बाजाराला जायच्या. सासूबाई तिला आपली बस म्हणायच्या. कारखाना बंद पडला, त्या दिवशी सासूबाई पिशवी घेऊन दुपारपर्यंत वेशीवर उभ्या होत्या. मी घरात बसून त्यांना हसले होते. नंतर बाळकुमात टॉवर आले आणि दहा बसगाड्या सुरू झाल्या. वरच्या गावात टॉवर कोण बांधणार?

मला हे त्या बाकावर कळायला हवं होतं. जेट गेलं, आता छोटं आलंय, याचा अर्थ पुढे याहून छोटं येणार. म्हणजे गुरुवारवर भरवसा ठेवून चालणार नव्हतं. पण मी तेव्हा इतिहास ऐकत होते. मला वाटलं, इतिहास झाला आणि संपला.

पुढच्या मंगळवारी आभाळ उघडलं. आम्ही पाच जण विमानात बसलो. दोन तास खाली नुसतं पांढरं. मग वैमानिक वळून म्हणाला, आता उतरतोय. विमान ढगात शिरलं. काचेबाहेर काही दिसेना. पुन्हा वर आलं. पुन्हा शिरलं. खाली ढगांच्या फटीत मला एकदा एक लाल छप्पर दिसलं, एकदाच. मग वैमानिक म्हणाला, धावपट्टी दिसत नाही, इंधन जपायला हवं, परत फिरतोय.

लेकीने नंतर सांगितलं, ती बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात उभी होती. तिला विमानाचा आवाज दोनदा ऐकू आला. दुसऱ्यांदा आवाज लांब जायला लागला तेव्हा तिला कळलं. ते दुपटं माझ्याच नऊवारीचं होतं. खोकी मस्त पोचली होती ना.

मी लेकीच्या डोक्यावरून दोनदा गेले. त्याहून जवळ मी कधीच गेले नाही.

खालच्या गावी परतले तर काउंटरवर निरोप. टेंभी नाक्याच्या मंडपात दोर धरून उभे असताना हे कोसळले. अर्धांगाचा झटका. शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं होतं. काउंटरवरच्या बाईंनीच माझं परतीचं तिकीट बदलून दिलं. म्हातारबाबा बाकावर होते. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी हात हलवला. काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असेल, कंटाळली.

त्यानंतर हे सात वर्षं अंथरुणावर. बोलणं अर्धं गेलं, पण "गो" राहिला. पहिल्या वर्षी मला रोज विचारायचे, "पोर बघितलीस का गो?" मी सांगायचे, बघितली. विमानातून बघितली असं मनात म्हणायचे. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. खोटं कळलं असावं.

या सात वर्षांत मी एक विनोदी काम सुरू केलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार उपास. देवावर माझा फार विश्वास नाही. शाळेत असताना उपासवाल्या बाईंना मी स्टाफरूममध्ये बटाटवडा दाखवून खायचे. आणि आता मी स्वतः विमानाचे उपास करत होते. कशासाठी? तर विमान चालू राहावं म्हणून. हे बरे होतील, किंवा सुटतील, मग मी जाईन, तोवर ते चालू राहिलं पाहिजे. विमान उतरलं, असा लेकीचा मेसेज आला की उपास सोडायचे.

तीन वर्षांनी शनिवारचं विमान बंद झालं. मी शनिवारचा उपास सोडला. मग गुरुवारचं गेलं. गुरुवारीही जेवायला लागले. वजन वाढलं.

लेकीने इकडे यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्यांदा निघणार तर नातीची छाती भरली, खालच्या गावच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. दुसऱ्यांदा तिघं बॅगा भरून सहा दिवस वरच्या गावच्या विमानतळावर येऊन बसत होते. सातव्या दिवशी विमान आलं तेव्हा पुढची सगळी तिकिटं बुडाली होती आणि जावयाची रजा संपली होती. खाण बंद झाल्यावर तो गावच्या वीजघरात लागला होता. तिथे त्याच्या जागी दुसरा माणूस नाही. "त्याने इंजिन सोडलं तर गाव गोठेल गं," लेक म्हणाली. दोन वर्षांचा प्रश्न असा लांबला. नात शाळेत जायला लागल्यावर लेकही कामाला लागली, कुठे, तर त्याच विमानतळाच्या काउंटरवर. आता माणसांची वजनं तीच करते.

"लोक खोटं सांगतात का गं?" मी विचारलं.

"सगळे. तेरा किलोची चोरी मात्र फक्त तूच केलीस."

हे गेले तेव्हा ती एकटी आली. विमानात एकच सीट मिळाली. ती पोचली तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. दारात चपला काढल्या आणि बापाच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून राहिली. केसांत पांढरं आलं होतं. मी तिला चहा दिला. आठ दिवसांनी गेली. पुढचं विमान चुकलं तर काउंटरवर कोण, असा प्रश्न होता.

ती गेल्यावर मी ठरवलं, आता मी सुटी आहे, आता जायचंच. व्हिसाचे कागद काढले. तेवढ्यात ती मोठी साथ आली आणि सगळ्या जगाचीच विमानं बंद पडली. त्या काळात मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं. सगळेच अडकलेत, मी एकटी मूर्ख नाही. जगाची विमानं पुन्हा सुरू झाली. वरच्या गावचं आठवड्यातून एकच राहिलं, मंगळवारचं, आणि त्यातही आधी सामान, मग उरलं तर माणसं. म्हातारबाबांनी सांगितलेली ती भिंत सरकत सरकत पार मागे गेली होती.

मग माझं हृदय. माझा विद्यार्थी डॉक्टर म्हणाला, "बाई, पंपिंग कमी आहे. जिने कमी करा. लांबचं विमान नाही."

"किती लांबचं चालेल?"

"बाई, तुम्हाला कुठलं विचारायचंय ते मला माहितेय. तिथलं नाही."

"पण तिथे थंडी असते. थंडीत वस्तू टिकतात."

तो हसला नाही. भूगोलात तो हुशार होता, विनोदात नव्हता.

गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. लेकीने फोनवर वाचून दाखवलं. महिनाअखेर वरच्या गावची प्रवासी सेवा बंद. सामानाचं विमान चालू राहील. फार आजारी माणसाला न्यायला वेगळं विमान बोलावता येईल. ज्याला इतर कामाला जायचं, त्याने सगळं विमान भाड्याने घ्यावं, किंवा उन्हाळ्यातल्या जहाजाची वाट बघावी. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "शेवटच्या मंगळवारी वर येणाऱ्या विमानात एक सीट आहे. तुझ्यासाठी धरू?"

मी हिशेब केला. व्हिसाला सहा आठवडे, विमानाला चार. वर गेले तर परत खाली यायला विमान नाही, आणि परत यायचं कशाला, असंही वाटलं. डॉक्टरला फोन लावला, तो म्हणाला, "बाई, पहिल्याच विमानात काही झालं तर?" तरी दोन दिवस मी कपाट उघडून बसले होते. गरम कपडे काढले, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी लेकीला सांगितलं, नको धरू.

शेवटचं विमान मी मोबाइलवर बघितलं. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. आमच्या खिडकीतून घोडबंदरच्या रस्त्यावरची वाहनं वाजत होती. लेकीने मोबाइल काउंटरवर उभा करून ठेवला होता. चौघं जण आले. तिने चौघांना काट्यावर उभं केलं, वजनं लिहिली, चौघांना मिठी मारली. त्यातले दोघं परत न येण्यासाठी जात होते. सीटा रिकाम्या होत्या, तरी ती इकडे आली नाही. तिचा नवरा वीजघरात, तिचं घर तिथे. मी तिला ये म्हटलंही नाही. विमान गेल्यावर तिने मोबाइल उचलला आणि म्हणाली, "झालं. पुढच्या मंगळवारी नुसता कांदा आणि दूध."

थोड्या वेळाने नात आली. ती बारा वर्षांची झाली होती. तिचं मराठी सगळं फोनवरून माझ्याकडून शिकलेलं, त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्यासारखं आहे. तिने मोबाइल तोंडाजवळ धरला. "आजी, आता तू येणार नाहीस ना?"

मागून लेक म्हणाली, "ए, असं नाही विचारायचं."

"विचारू दे," मी म्हणाले. "नाही गं. येणार नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मोबाइल आईच्या हातात देऊन निघून गेली. दार लागल्याचा आवाज आला.

"तिला असं तोंडावर सांगायची काय गरज होती?" लेक म्हणाली. "बघू म्हणायचं."

"बारा वर्षं बघू म्हणतेय."

"मग अजून म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मला काही ना काही वात्रट सुचतंच. ह्यांना स्मशानात नेताना तिरडीवाल्यांना मी, दोर नीट बांधा, त्यांना दोराची सवय आहे, असं बोलून गेले होते आणि जाऊबाईंनी वर्षभर अबोला धरला होता. त्या संध्याकाळी काही सुचलं नाही. लेक रडायला लागली. बापाच्या पलंगावर बसली होती तेव्हाही रडली नव्हती. मोबाइल तिने खाली धरला असावा, मला नुसतं छत दिसत होतं आणि एक नळीचा दिवा. मी ऐकत बसले. मग तिकडची लाइन गेली. परत लावला, लागला नाही.

दुसऱ्या दिवशी लागला. तिने विचारलं, "काय भाजी केलीस?"

मी सांगितलं, "गवार."